मैत्रिणीचा धीर आणि सम्यक वाचा

बौद्ध नीतिविचारात बोलणे हा केवळ शिष्टाचाराचा भाग नसून साधनेचा भाग मानला आहे; आर्य अष्टांगिक मार्गात सम्यक वाचेला, म्हणजे असत्य, चुगली, कठोर शब्द आणि व्यर्थ बडबड यांपासून दूर राहण्याला, स्वतंत्र स्थान आहे, आणि माणसे जोडून ठेवणाऱ्या चार आचारांत दानाच्या पाठोपाठ प्रियवचन येते. परंतु खचलेल्या मैत्रिणीशी बोलताना प्रिय आणि सत्य यांची फारकत होऊ लागली, तर काय करावे? छत्रपती संभाजीनगरात हा प्रश्न निव्वळ ग्रंथांतला राहत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० साली येथे सुरू केलेले मिलिंद महाविद्यालय आणि त्याचा नागसेनवन परिसर यांची नावेच मुळी राजा मिलिंद आणि भिक्खू नागसेन यांच्या प्रश्नोत्तरांवरून आली आहेत, आणि वर्षावासाच्या तीन महिन्यांत वस्त्यावस्त्यांतील विहारांमध्ये पांढऱ्या साड्या नेसून ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाच्या वाचनाला बसणाऱ्या स्त्रियांना एकमेकींना धीर देण्याचे प्रसंग रोजच येतात.

मज्झिम निकायातील अभयराजकुमार सुत्तात बुद्धांनी बोलण्याचे जे वर्गीकरण केले आहे, ते या ठिकाणी फार मोलाचे आहे. जे असत्य आहे ते कितीही गोड असले तरी तथागत बोलत नाहीत. जे सत्य आहे पण हिताचे नाही तेही बोलत नाहीत. आणि जे सत्य व हितकर आहे ते प्रिय असो वा अप्रिय, योग्य वेळ पाहूनच बोलतात. वेळेची ही अट केवळ कटू शब्दांपुरती नसून गोड शब्दांनाही लागू आहे, याकडे सहसा लक्ष जात नाही. बुद्धांनी हे राजपुत्र अभयाला सांगितले, त्या वेळी त्याच्या मांडीवर एक तान्हे बाळ होते. त्याच्या तोंडात खडा गेला तर काय करशील, असे बुद्धांनी विचारताच, रक्त आले तरी तो काढीन, असे उत्तर त्याने दिले, कारण त्याला बाळाबद्दल करुणा होती; हितकर कटू बोलही अशाच करुणेतून यावा लागतो.

सिगालोवाद सुत्तात मित्राच्या वेषातील अमित्रांमध्ये खुशामत करणाऱ्याची गणना केली आहे. तो वाईटालाही मान डोलावतो, चांगल्यालाही डोलावतो, तोंडावर स्तुती करतो आणि पाठीमागे निंदा. उलट खरा सुहृद आपल्या मित्राची निंदा करणाऱ्याला तिथल्या तिथे अडवतो. नवऱ्याला सोडून आलेल्या किंवा चाळिशीत पुन्हा शिकायला बसलेल्या बाईविषयी गल्लीत कुजबुज चालू असताना तिची मैत्रीण तिच्या पश्चात काय बोलते, यावरच समोर बोललेल्या शब्दांचे खरेपण ठरते.

खरे बोलणे नेमके असते, हेही इथेच सांगायला हवे. विहारात प्रथमच ग्रंथ वाचणारी एखादी स्त्री अडखळली, तर ‘छान वाचलंस’ एवढ्याने तिला फारसे काही मिळत नाही. पण ‘ताई, पहिल्या पानावर आवाज कापत होता, तिसऱ्या पानावर मोकळा झाला, उद्या सुरुवात तुम्हीच करा’ असे कोणी म्हटले, तर ऐकणारीने आपल्याकडे मन लावून पाहिले होते, हे तिला कळते, आणि धीर येतो तो त्या पाहण्याने.

थेरीगाथा या प्राचीन भिक्खुणींच्या काव्यसंग्रहात सत्य बोलून धीर देण्याचे सर्वांत गंभीर उदाहरण पटाचारेचे आहे. अट्ठकथेनुसार, म्हणजे या संग्रहावरील भाष्यानुसार, पती, दोन मुले, आईवडील आणि भाऊ गमावून भान हरपलेल्या या स्त्रीला बुद्धांनी भगिनी म्हणून हाक मारून भानावर आणले. पुढे अपत्यशोकाने व्याकूळ झालेल्या स्त्रिया तिच्याकडे आल्या, तेव्हा तिने सगळे ठीक होईल असे खोटे आश्वासन कोणालाही दिले नाही. मूल कोठून आले आणि कोठे गेले ती वाटच जिला ठाऊक नाही, तिने त्याच्यासाठी रडावे कशाला, असा तिच्या बोलण्याचा आशय आहे. हेच शब्द दुसऱ्या कोणी उच्चारले असते तर ते निर्दय ठरले असते. पटाचारेला ते बोलण्याचा अधिकार तिच्या स्वतःच्या दुःखाने दिला होता, आणि आपल्या काळजातला बाण तिने उपटून काढला, अशी कृतज्ञता त्या स्त्रियांनी व्यक्त केली आहे.

आपल्याकडे सासर-माहेरच्या प्रत्येक नात्याला मान आणि कर्तव्ये ठरलेली आहेत. असा धीर देणाऱ्या मैत्रिणीच्या नात्याला मात्र तसे स्थान नाही, आणि लग्नानंतर तेच सर्वांत आधी सुटते. अर्धे ब्रह्मचर्य, म्हणजे अर्धे साधनाजीवन, ही कल्याणमित्रता, म्हणजे सन्मित्राची संगत, आहे, असे भिक्खू आनंद यांनी म्हटल्यावर बुद्धांनी त्यांना थांबवून, अर्धे नव्हे, संपूर्ण ब्रह्मचर्यच ती आहे, असे सांगितले होते. ज्या परंपरेने सन्मित्राच्या संगतीला एवढे मोल दिले, तिच्या वारसदार स्त्रियांनी मैत्रिणीसाठी काढलेला वेळ हा संसारातून चोरलेला वेळ मानू नये, आणि त्यांच्या घरच्यांनीही तो तसा मोजू नये.