भीड आणि बिदागी

जो गवई आपल्या मैफलींच्या तारखा आणि बिदागी स्वतःच ठरवू लागतो, त्याच्या गाण्याला दुकानदारीचा वास येऊ लागतो, असे प्रतिपादन एका रसिक विद्वानाने अलीकडेच एका परिसंवादात केले, आणि त्यावर टाळ्यांचा कडकडाट झाला. टाळ्या वाजवणाऱ्यांत कार्यक्रमांच्या आयोजकांचा भरणा होता, हे ध्यानी घेतले म्हणजे त्या उत्साहाची मीमांसा करण्यास संगीतशास्त्राची आवश्यकता उरत नाही.

दरबारी आश्रयाची कास सोडून ज्यांनी तिकीट लावून जाहीर मैफली केल्या आणि १९०१ साली लाहोरला लोकाश्रयावर गांधर्व महाविद्यालय उभे केले, त्या विष्णु दिगंबरांना व्यवहार कळत होता म्हणून त्यांचे भजन कोणाला बेसूर वाटल्याचे ऐकिवात नाही. केसरबाई केरकरांनी बिदागीच्या बाबतीत कोणाची भीड बाळगली नाही. त्यांच्या तानेवर या रोखठोकपणाचा काय दुष्परिणाम झाला, हे त्या विद्वानांनी एकदा दाखवून द्यावेच.

वस्तुतः ज्याला ते दुकानदारी म्हणतात, ती एका दूरध्वनीत मावते. आयोजक प्रथम गाण्याची स्तुती करतो, मग ‘बुवा, घरचंच कार्य आहे’ असे म्हणतो, आणि शेवटी जो आकडा उच्चारतो त्यातच तबलजी, पेटीवाला, तानपुऱ्यावरची शिष्या आणि रेल्वेचे भाडे ही सारी बसवावयाची असतात. ईसार मागितला की ‘आमच्यावर विश्वास नाही का?’ हा प्रश्न ठरलेला. तारीख मात्र तेव्हापासून अडकते. पुढे कार्यक्रम तहकूब झाला, तर त्या तारखेला नाकारलेल्या दुसऱ्या आमंत्रणाची भरपाई करण्याची तजवीज कोणत्याही घरच्या कार्यात नसते.

तेव्हा प्रत्येकाने आपली तारखांची वही आपण सांभाळावी, एवढे सांगून थांबता आले असते. पण येथे मला माझ्याच पक्षाची साथ सोडावी लागते, कारण वही हाती आल्याने गवई स्वतंत्र होतो, हे अर्धसत्य आहे. उरलेले अर्धे पाहावयाचे तर जुन्नर तालुक्यातील नारायणगावी जावे. पाडव्याच्या सुमारास तेथे तमाशाच्या फडांच्या राहुट्या ओळीने लागतात, बाहेर फडमालकाच्या नावाचा फलक असतो, आणि चैत्र-वैशाखातल्या जत्रांसाठी गावोगावची पंचमंडळी एका राहुटीतून दुसरीत जात सुपारी ठरवितात. यात्रेची तिथी जितकी मोक्याची, तितका आकडा चढतो. घासाघीस होते, रुसवेफुगवे होतात. परंतु शेजारच्या राहुटीत काय भाव चालला आहे, हे फडमालकालाही ठाऊक असते आणि पंचांनाही. ‘अमुक तर निम्म्यात यायला तयार आहेत’ ही थाप तेथे फार वेळ टिकत नाही. अभिजात संगीताच्या दुनियेत मात्र प्रत्येक जण आपली बिदागी सोवळ्यात ठेवतो, आणि त्या गुप्ततेच्या बळावर आयोजक एका गवयाला दुसऱ्याचे भय घालतो.

यावर आक्षेप येईल, आणि तो हलका नाही: याच गावाचे नाव लावणाऱ्या, राष्ट्रपती पुरस्काराने गौरवलेल्या तमाशा कलावंत विठाबाईंच्या वाट्याला अखेरीस हलाखीच आली. उघड्या बाजाराने म्हातारपणाची सोय होत नाही, हे मान्यच केले पाहिजे. मात्र झाकल्या बाजाराने ती कोणाची झाली?

म्हणून माझा आग्रह दोनच गोष्टींचा आहे. साथीदारांची रक्कम, ईसार आणि तहकुबीची भरपाई यांची कबुलायत तारीख देण्यापूर्वी लेखी असावी. आणि आपली बिदागी समव्यवसायी गवयाला सांगण्याची लाज आपण सोडावी. दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा कठीण आहे, कारण तिच्या आड आयोजक येत नाही, आपला अहंकार येतो. तो बाजूला सारता आला, तर तारखांची वही बुवांनी ठेवावी, शिष्येने ठेवावी की पगारी कारभाऱ्याने, हा वाद परिसंवादांना खुशाल आंदण द्यावा.