मदत की भरपाई?



पुसेगावात एका संध्याकाळी वंदना आटोपल्यावर एका वयस्क बाईंनी मला विचारले, "गुरुजी, सरकार धा लाख देत होतं म्हनं. त्या माउलीनं कामून नाही घेतले? लेकरू तर गेलंच. पैसे कामी आले असते की." मी शाळामास्तर, घरातला पहिला पदवीधर, पण मला तत्काळ उत्तर देता आले नाही. ते येथे देतो.

परभणी हा आमचा जुना जिल्हा. १९९९ साली हिंगोली त्यातून वेगळा झाला. तेथे १० डिसेंबर २०२४ रोजी बाबासाहेबांच्या पुतळ्याजवळील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशीच्या बंदनंतर धरपकड झाली. त्यात कायद्याचा विद्यार्थी सोमनाथ सूर्यवंशी पकडला गेला. १५ डिसेंबरला तो न्यायालयीन कोठडीत असताना मरण पावला. शवविच्छेदनाच्या प्राथमिक अहवालात अनेक जखमांमुळे बसलेला धक्का हे कारण नोंदले गेले. विधानसभेत मुख्यमंत्र्यांनी मात्र मारहाण झाल्याचे नाकारले, श्वसनाच्या आजाराकडे बोट दाखविले, आणि दहा लाखांची मदतही जाहीर केली. आईने ती नाकारली.

मारलेच नाही, तर पैसे कशाचे? मारले असेल, तर केवळ पैसेच कसे? मदत ही देणाऱ्याची मर्जी असते. ती देताना अपराध कबूल करावा लागत नाही. भरपाई हा घेणाऱ्याचा हक्क असतो. ती देणाऱ्याला आधी मान खाली घालावी लागते. जुन्या धर्मात दानदक्षिणा देऊन पाप धुता येत असे. धम्मात कर्म असे धुतले जात नाही.

हा हक्क आपल्याला सहज मिळालेला नाही. १९६५ साली कस्तुरीलाल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले होते, की पोलिसांच्या सार्वभौम कामातील चुकीबद्दल सरकार देणे लागत नाही. पुढे १९८३ साली, निर्दोष सुटूनही बिहारच्या तुरुंगात चौदा वर्षे अडकलेल्या रुदुल शहाला न्यायालयाने भरपाई दिली. १९९३ साली ओडिशातील नीलाबती बेहेरा यांना, कोठडीत गेलेल्या मुलाबद्दल दीड लाख रुपये मिळाले. हे सारे घडले ते कलम ३२ मुळे. बाबासाहेबांनी याच तरतुदीला संविधानाचा आत्मा म्हटले होते.

कोणी म्हणेल, खजिना तर आपल्याच करांतून भरतो. मग मारणारा सुटला आणि दंड आपणच भरला! आक्षेप खरा आहे. पण काठी, गणवेश आणि कोठडीची किल्ली राज्यानेच आपल्या नावाने दिलेली असते. म्हणून पहिली जबाबदारी राज्याचीच. मात्र ती तेथे संपत नाही. १९९६ च्या डी. के. बसू निकालात न्यायालयाने सांगितले, की राज्य ती रक्कम अपराध्याकडून वसूल करू शकते. आणि भरपाई मिळाली म्हणून फौजदारी खटला टळत नाही. भारताने १९९७ साली छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर सही केली. पण अद्याप त्याला मान्यता दिलेली नाही, स्वतंत्र कायदाही केलेला नाही.

त्या आईने पैसे घेतले नाहीत, न्यायालयाचे दार ठोठावले. ४ जुलै २०२५ रोजी उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने गुन्हा नोंदविण्याचा आदेश दिला. सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. ३० जुलैला तेथेही आदेश कायम राहिला.

म्हणून, आई, माझे उत्तर असे : एखाद्या गरीब घराने पैसे घेतले तर त्याला कोणी नावे ठेवू नयेत, चूल पेटावी लागते. पण घेताना विचारावे, हे मदत म्हणून देता की भरपाई म्हणून? आणि शवविच्छेदनाच्या अहवालाची प्रत मागून घेऊन जपून ठेवावी. पैसा संपतो, तो कागद न्यायालयात बोलतो.

जय भीम!