एका दिवसाला एकच गाव

चि. भाचीस,


चेन्नईत तुझं बस्तान बसलं, हे वाचून बरं वाटलं. सुट्टीत पाहायच्या गावांची यादी पाठवलीस, त्यात कांची, वेल्लोर आणि तंजावर तू दोन दिवसांत उरकायला निघाली आहेस. तसं करू नकोस. एका दिवसाला एकच गाव. रेल्वेनं जा, सकाळी पोहोच, पायी हिंड.

सुरुवात वेल्लोरपासून कर. सेंट्रलहून बेंगळुरूकडे जाणारी सकाळची गाडी धर आणि काटपाडीला उतर. अंतर सुमारे 130 किलोमीटर, दोनेक तासांचा प्रवास. दक्षिण भारतातली पहिली प्रवासी गाडी 1 जुलै 1856 रोजी रोयापुरमहून वालाजा रोडपर्यंत धावली, ती याच वाटेनं. काटपाडीहून वेल्लोरची बस पालार नदीच्या पुलावरून जाते. खिडकीशी बस. बहुतेक महिने पात्रात नुसती वाळू दिसेल. वरच्या अंगाला वाणियंबाडी, आंबूरच्या चामड्याच्या कारखान्यांनी या नदीची काय दशा केली, तेही माहीत करून घे. नदीकाठचं गाव पाहायचं म्हणजे नदीचं दुखणंही पाहायचं.

वेल्लोरचा किल्ला भुईकोट, भोवती पाण्यानं भरलेला रुंद खंदक. या खंदकातल्या सुसरींचं वर्णन सभासद बखरीत आहे. शेजारच्या डोंगरांवर शिवाजी महाराजांनी साजरा आणि गोजरा असे दोन किल्ले बांधवून घेतले आणि तिथून तोफा डागल्या, असंही बखर सांगते. वर्षभराच्या वेढ्यानंतर 1678 मध्ये वेल्लोर मराठ्यांकडे आलं आणि दोन-तीन दशकांत हातचं गेलंही. 10 जुलै 1806 ला इथल्याच हिंदी शिपायांनी कंपनीविरुद्ध बंड केलं, सत्तावन्नच्या जवळजवळ अर्धशतक आधी. तेव्हा फक्त आपल्या पराक्रमाच्या खुणा शोधत फिरू नकोस. आतलं जलकंठेश्वराचं देऊळ आणि त्याच्या कल्याणमंडपातले कोरीव खांब सावकाश बघ.

तंजावरला मात्र एग्मोरहून रात्रीची गाडी घे आणि दुसऱ्या रात्री परत फीर. अलीकडे काही गाड्या तांबरमहून सुटतात, म्हणून तिकिटावरचं स्टेशन नीट वाच. पहाटे उतरलीस की थेट बृहदीश्वराला जा, कारण दुपारी देवळं बंद असतात. राजराज चोळानं 1010 मध्ये पुरं केलेल्या या मंदिराच्या आवारात तंजावरचे मराठे राजे सरफोजी यांनी 1803 मध्ये भोसले वंशाचा इतिहास मराठीत कोरवून घेतला. ओळी दाट आहेत, भाषा जुनी आहे. दोन-चार ओळी लागेपर्यंत तिथं उभी राहा. दुपारी राजवाड्यातलं सरस्वती महाल ग्रंथालय बघ. तिथं तमिळ, तेलुगू, संस्कृत आणि मराठी हस्तलिखितं एकाच छपराखाली जपलेली आहेत. इथल्याच शहाजीराजांनी 'पंचभाषाविलास' नावाचं पाच भाषांमधलं नाटक लिहिलं. वेल्लोर आपण जिंकलं आणि गमावलं. तंजावरात आपली माणसं इथल्या भाषा शिकली, इथलं संगीत आपलं मानून राहिली. म्हणून 1855 ला राज्य संपल्यावरही घराघरांतून मराठी टिकली.

दुपार कलली की तिरुवैयारूची बस पकड. तेरा किलोमीटरच्या वाटेत एकामागून एक नद्यांचे पूल लागतात. कावेरीच्या काठी संगीतकार त्यागराजांची समाधी आहे. 1847 मध्ये ते गेले आणि आजही पुष्य बहुल पंचमीला शेकडो गायक-वादक तिथं एकत्र बसून त्यांच्या पंचरत्न कृती गातात. कावेरीला पाणी हवं असेल तर वेळ बघून जा. मेट्टूर धरणातून पाणी सोडण्याची नेहमीची तारीख 12 जून, बंद करण्याची 28 जानेवारी. ऑक्टोबर ते डिसेंबर हा इथला पावसाळा, तेव्हा सप्टेंबर किंवा जानेवारी उत्तम.

जाण्याआधी थोडं वाच आणि चार वाक्यं तमिळ शीक. वाट विचारताना इंग्रजीपेक्षा मोडक्या तमिळला माणसं जास्त आपुलकीनं उत्तर देतात. आरक्षण साठ दिवस आधी उघडतं. तंजावरचं तिकीट आजच काढ आणि तोवर येत्या रविवारी वेल्लोरला जाऊन ये.

तुझा,
मामा