सहस्रकुंड आणि नामरूपाचा प्रश्न

इस्लापूर हे नांदेड जिल्ह्याच्या किनवट तालुक्यातले गाव. तिथून जवळच पैनगंगा काळ्या कातळावरून खाली कोसळते. त्या जागेचे नाव सहस्रकुंड. अलीकडचा काठ मराठवाड्याचा, पलीकडचा विदर्भाचा. मुदखेड–आदिलाबाद रेल्वेमार्गावर याच नावाचे स्टेशन आहे आणि धबधब्याशेजारी महादेवाचे मंदिर आहे. त्यामुळे ही जागा भाविकाची आहे तशीच निसर्गचित्रकाराचीही. भाविक गाभाऱ्यात जाऊन हात जोडतो, डोळे मिटतो. चित्रकार गाभाऱ्याकडे पाठ करून, मांडीवर कागद घेऊन दोन-दोन तास पाण्याकडे पाहत राहतो. या दुसऱ्याच्या पाहण्याला उपासना म्हणता येईल का? की ती दृश्याची आसक्तीच, फक्त सुसंस्कृत वेषातली? आपल्या परमार्थाने दृश्याकडे नेहमी संशयाने पाहिले आहे. जे दिसते ते नासते, हे दासबोध पुन्हा पुन्हा बजावतो. म्हणून ‘निसर्गात देव दिसतो’ एवढे म्हणून सुटका होत नाही. निसर्गात देव पाहणारा बहुधा आपल्याला आवडलेलेच पाहत असतो. माझे म्हणणे वेगळे आहे: उघड्यावर बसून प्रामाणिकपणे केलेल्या चित्रणात नामरूपाची पकड सैल करण्याची एक शिस्त आहे, आणि ती आपल्या परंपरेला परकी नाही.

या म्हणण्यावरचा सर्वांत बळकट आक्षेप अद्वैताचा आहे, म्हणून आधी त्याच्याकडेच जाऊ. ‘दृग्दृश्यविवेक’ हा छोटा ग्रंथ कोणी शंकराचार्यांच्या नावावर सांगतात, कोणी भारतीतीर्थांच्या. त्यात प्रत्येक वस्तूचे पाच अंश मानले आहेत: तिचे असणे, तिचे प्रकाशणे, तिचे प्रिय असणे, तिचे नाव आणि तिचे रूप. पहिले तीन ब्रह्माचे, शेवटचे दोन जगाचे. साधकाने नाव आणि रूप बाजूला सारून उरलेल्या तिघांवर चित्त ठेवायचे. मग रूपाच्याच मागे लागलेला चित्रकार उलट्या दिशेने चालला आहे, असे कोणीही म्हणेल. पण हाच ग्रंथ पुढे सांगतो की ही समाधी हृदयात साधता येते तशी बाहेरही साधता येते. समोरची कोणतीही वस्तू घ्यावी आणि तिच्यातले नामरूप वेगळे काढावे. अद्वैताच्या या मांडणीत डोळे मिटण्याची सक्ती नाही. बाहेरची वस्तू हीसुद्धा साधनेची जागा आहे. तेव्हा प्रश्न उरतो तो एवढाच, की त्या वस्तूकडे पाहताना चित्रकार नेमके काय करतो.

उघड्यावर चित्र काढायला बसलेल्या नवशिक्याला पहिली अडचण येते ती नावांची. पाणी म्हटले की निळे, झाड म्हटले की हिरवे, कातळ म्हटला की काळा. हे रंग डोळ्यांनी पाहिलेले नसतात. नावाबरोबर आधीच मनात येऊन बसलेले असतात. श्रावणातली पैनगंगा निळी नसते, गाळाने मातकट, तांबूस असते. ओला कातळ काळा दिसत नाही, त्याच्यावर आभाळाचा राखाडी उजेड चकाकतो. फेस पांढरा म्हणावा तर सावलीत तो मागच्या आभाळापेक्षा गडद भरतो. शिकवणारे म्हणूनच सांगतात की डोळे किलकिले करून पाहा. पापण्या अर्ध्या मिटल्या की पाने, फांद्या, दगड हे तपशील एकमेकांत मिसळतात आणि उजळ-गडदाचे मोठे आकार तेवढे उरतात. त्या क्षणी समोर झाड नसते, खडक नसतो. एक गडद जागा, तिच्या कडेला एक उजळ जागा आणि त्या दोघींमधले नाते एवढेच असते. नाव गळून पडल्याशिवाय रंग बरोबर लागत नाही. हे मी अलंकार म्हणून सांगत नाही. कुंचला हातात धरणारा कोणीही ते तपासू शकतो, आणि चुकले तर कागद लगेच दाखवतो. मनातल्या मनात ‘मी नाव सोडले’ असे म्हणणाऱ्या साधकाला हा पडताळा सहजी मिळत नाही.

नाव सुटते हे मान्य केले, तरी रूपाचे काय? रूप तर चित्रकार आणखी घट्ट धरतो, असे अद्वैती म्हणेल. इथे धबधबा हा विषयच उत्तराला मदत करतो. सहस्रकुंडाच्या पाण्याला स्वतःचे रूप नाही. जो थेंब पाहिला तो पुन्हा दिसत नाही. कड्यावरून उतरणारी धार मात्र तशीच राहते. जे टिकते ते पाणी नव्हे आणि जे पाणी आहे ते टिकत नाही. चित्रकाराला यातले काय काढायचे? विष्णुधर्मोत्तर पुराणाच्या तिसऱ्या खंडात जे चित्रसूत्र आहे, त्याने फार पूर्वी याची कसोटी ठरवून ठेवली आहे: लाटा, ज्वाळा, धूर आणि पताका वाऱ्याच्या गतीप्रमाणे ज्याला काढता येतात तो चित्र जाणणारा. चारही उदाहरणे स्थिर आकार नसलेल्या गोष्टींची आहेत, हे लक्षात घेतले पाहिजे. चित्रविद्येची परीक्षा रूपवान वस्तूवर न घेता रूप धरू न देणाऱ्या वस्तूवर घ्यावी, असे त्या ग्रंथकाराला वाटले. जलरंगाचे माध्यम याच्याही पुढे जाते. पारदर्शक जलरंगात पांढरा रंग सहसा वापरत नाहीत. धबधब्याची शुभ्र धार म्हणजे न रंगवलेला कागद. भोवतीचा कातळ, झाडी, सावली रंगवत जायचे आणि धारेच्या जागी कुंचला टेकवायचा नाही. तिथे हात गेला की पाणी गेले, मग कितीही खरवडले तरी तो उजेड परत येत नाही. चित्रातली सर्वांत जिवंत जागा चित्रकाराने केलेली नसते, त्याने ती राखलेली असते. रूपाला घट्ट धरणाऱ्या माणसाच्या हातून ही गोष्ट होणे कठीण आहे.

तरीही कागदावर शेवटी काहीतरी आकार उरतोच, हे मी नाकारत नाही. अद्वैताची शेवटची पायरी या वाटेने गाठता येते असा माझा दावा नाही. पण मराठी माणसाला इथेच थांबावे लागत नाही, कारण आपल्या भाषेतला तत्त्वज्ञ इथून वेगळे वळण घेतो. ‘अमृतानुभवा’चे सातवे प्रकरण अज्ञानखंडनाचे आहे आणि दहा प्रकरणांत तेच सर्वांत मोठे आहे. जगाचे दिसणे ही अज्ञानाने घातलेली भूल आहे, हे मत ज्ञानदेव तिथे चिकाटीने मोडून काढतात. जे अज्ञान स्वतःला दाखवू शकत नाही, ते एवढे विश्व कोठून दाखवणार? त्यांच्या मते दृश्य हे द्रष्ट्याचेच उलगडणे आहे. चैतन्य स्वतःच पाहणारे आणि पाहिले जाणारे होऊन खेळते. चांगदेवांना लिहिलेल्या पासष्ट ओव्यांतही हाच विचार आहे: आरसा पुढे नसला तरी मुख असतेच, आरसा आला की ते स्वतःला पाहते एवढेच. हे मान्य केले तर दृश्य हा अडथळा राहत नाही. मग चित्रकाराने रूप सोडले की धरले हा प्रश्न मागे पडतो, आणि तो ते कोणत्या वृत्तीने पाहतो, हा प्रश्न पुढे येतो. मालकीच्या भावनेने पाहिले तर सहस्रकुंडही दागिना होईल. आधी मन रिते करून पाहिले तर तेच पाणी शिकवू लागेल.

पाण्याने शिकवावे ही कल्पना या मुलखात नवी नाही. शेजारचा तालुका माहूरचा, रेणुकेचा आणि दत्तात्रेयाचा. भागवताच्या अकराव्या स्कंधात यदुराजा एका अवधूताला त्याच्या आनंदाचे कारण विचारतो, आणि तो चोवीस गुरूंची नावे सांगतो. परंपरा या अवधूताला दत्तात्रेय मानते, आणि संत एकनाथांनी भागवतावरच्या टीकेत तो भाग मनापासून फुलवला आहे. त्या यादीची सुरुवात पृथ्वी, वारा, आकाश, पाणी, अग्नी यांनी होते; पुढे चंद्र, सूर्य, समुद्र, पतंग, मधमाशी. यांपैकी कोणीही उपदेश केलेला नाही. अवधूताने त्यांच्याकडे पाहिले आणि शिकला. गुरू बोलत नसेल तर शिष्याचे सगळे काम डोळ्यांवर येते. याच माहूरला साधना करून पुढे अंबाजोगाईला स्थायिक झालेले दत्तभक्त दासोपंत (१५५१–१६१५) यांनी पंचीकरण, म्हणजे पाच महाभूते एकमेकांत मिसळून स्थूल जग कसे बनते तो विचार, सुमारे ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद कापडावर उतरवला. ती पासोडी म्हणजे निसर्गचित्र नव्हे, आणि तिला तसे म्हणणे ओढाताण होईल. पण तत्त्वविचार डोळ्यांसमोर पसरून ठेवावा असे एका दत्तभक्ताला याच मातीत वाटले, हे माझ्या दृष्टीने दुर्लक्ष करण्यासारखे नाही.

कोणी म्हणेल, ही सगळी जुळवाजुळव आहे. उघड्यावर बसून जलरंगात निसर्ग रंगवणे विलायतेतून आले, १८५७ मध्ये सुरू झालेल्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून ते आपल्याकडे रुजले, त्याला ज्ञानदेव आणि दत्त कशाला चिकटवायचे? साधन विलायती हे खरे आहे. पण साधन कोठून आले यावरून त्याचा वापर ठरत नाही. कोल्हापूरचे आबालाल रहिमान जे. जे. मध्येच शिकले, शाहू महाराजांनी त्यांना आश्रय दिला, आणि नंतर ते कोटीतीर्थाच्या परिसरात फकिरासारखे राहून तेच पाणी, तोच काठ, तीच झाडे रंगवत राहिले. १९३१ मध्ये ते गेले. दरबारचा चित्रकार एका तळ्याशी असा बांधला जातो, तेव्हा ते शाळेत शिकवलेल्या तंत्राचे फळ नसते. शिवाय ते मुसलमान होते, ही गोष्टही या प्रश्नात मोलाची आहे. सजीवांच्या प्रतिमेविषयी इस्लामची सक्त भूमिका सर्वांना ठाऊक आहे. पण चित्रांवर पोट असलेल्या एका माणसाला पैगंबरांचे सहकारी इब्न अब्बास यांनी झाडे आणि निर्जीव वस्तू काढण्याची मोकळीक दिल्याची नोंद बुखारींच्या हदीससंग्रहात आहे. रूपाविषयी दोन परंपरांची भीती वेगवेगळ्या कारणांची आहे, तरी झाड आणि पाणी यांच्यापाशी दोघींनीही दार उघडे ठेवले आहे. निजामाच्या राज्यात पिढ्या काढलेल्या मराठवाड्याला हे वेगळे समजावून सांगायला नको.

कॅमेऱ्याचा आक्षेप मला किरकोळ वाटतो. फोनवर धबधब्याचा फोटो क्षणात निघतो, पण तो त्या एका क्षणाचाच असतो. दोन तासांत ऊन सरकते, सावली कातळावरून उतरते, आणि चित्रकाराला ठरवावे लागते की कोणता उजेड धरायचा. इंग्लंडमधल्या हॅम्पस्टेडला १८२१–२२ मध्ये निसर्गचित्रकार कॉन्स्टेबलने आभाळाचे जे अभ्यास केले, त्यांच्या पाठीमागे तो तारीख, वेळ आणि वाऱ्याची दिशा लिहून ठेवी. इतका वेळ एकाच गोष्टीपुढे हजर राहणे, हाच इथे मुद्दा आहे. हाती येणारे चित्र ही पुढची गोष्ट.

मला खरोखर अस्वस्थ करणारा आक्षेप वेगळाच आहे. किनवटचा हा भाग गोंड, कोलाम, आंध यांचा, बंजारा तांड्यांचा. ज्याला चित्रकार देखावा म्हणतो ते कोणाचे तरी सरपण आहे, तेंदूपत्ता आहे, गुरांची चरई आहे. वनहक्क कायदा २००६ मध्ये झाला तो याच नात्याला कागदावर आणण्यासाठी. पोटासाठी जंगलात वाकलेल्या माणसाशेजारी बसून सुंदर उजेड टिपणे, आणि वर त्याला परमार्थ म्हणणे, हे निर्दयपणाचे नाही का? या आक्षेपाचा अर्धा भाग मी तसाच मान्य करतो. चित्राने कोणाला जमिनीचा पट्टा मिळत नाही, आणि पाहणे म्हणजे मदत नव्हे. चित्रकाराने आपल्या साधनेला करुणेची जागा देऊ नये. पण दुसरा अर्धा भाग चित्रकाराच्या बाजूचा आहे. माणूस नसलेला, अस्पर्श निसर्ग हे सहस्रकुंडाला लागू न पडणारे चित्र आहे. वरच्या अंगाला पैनगंगेवर इसापूरचे धरण आहे. खाली धार किती जोरात पडेल हे पावसाइतकेच धरणातून सोडलेल्या पाण्यावर ठरते. हा धबधबा निसर्गाचा आहे तसा पाटबंधाऱ्याचाही. पायवाटा, तोडलेले बुंधे, चरलेले गवत सगळे समोर असते. ते वगळून फक्त फेस आणि इंद्रधनुष्य काढणारा देखाव्याच्या ठरावीक साच्यातून पाहत असतो, आणि तो साचा हेही एक नावच.

म्हणून सहस्रकुंडाची चित्रे बहुतेक पावसाळ्यातली असतात हे मला खटकते. ऑगस्टमध्ये पाणी स्वतःच इतके बोलते की पाहणाऱ्याला फारसे काही सोडावे लागत नाही. चित्रकला शिकणाऱ्या मुलांना इथे मार्चअखेर किंवा एप्रिलच्या सुरुवातीला आणावे. साग निष्पर्ण झालेला असतो, पळसाचा बहर ओसरत असतो, धार बारीक होते आणि एरवी पाण्याखाली असलेला कातळ, त्यातल्या कुंडांसकट, उघडा पडतो. त्याच दिवसांत मोहफुले पहाटे गळतात आणि ऊन चढायच्या आत वेचावी लागतात. चित्रकारालाही तिरपा, मऊ उजेड हवा तो नेमका त्याच वेळेचा. वेचणाऱ्या बाईच्या वाटेत ईझल मांडायचे नाही, तिची परवानगी विचारायची, आणि तिला चित्रातून वगळायचेही नाही. ती तिथे आहे, तिच्या पाठीवरचा उजेड कातळावरच्या उजेडाशी एका नात्याने बांधलेला आहे, आणि ते नाते काढले नाही तर बाकीचे रंगही खोटे लागतात.