न चुकणारी वाट

सॅन फ्रान्सिस्कोतले रस्ते असे चढतात, की पुढचा चौक आभाळातच असावा. लेक कामावर गेली की मी एकटी भटकायची. नजर फोनमधल्या नकाशावर आणि मनात एकच धास्ती, वळण चुकायला नको. अशीच एकदा नॉब हिलवरच्या ग्रेस कॅथेड्रलच्या अंगणात दम खायला थांबले, तर पायाखालच्या फरशीत भलंमोठं वर्तुळ दिसलं. आत ११ फेरे, मधोमध सहा पाकळ्या.

मनात पहिला शब्द आला भूलभुलैया, आणि तो चुकीचा होता. लखनौच्या बड्या इमामबाड्यातल्या भूलभुलैयात फाटे आहेत, माणूस हरवावा म्हणूनच जणू. इथे फाटाच नाही. एकच वाट मध्यापर्यंत नेते, तीच परत आणते. आखणी फ्रान्समधल्या शार्त्रच्या कॅथेड्रलची, तेराव्या शतकातली. तिथलं वर्तुळ जेमतेम १३ मीटर रुंद, पण आतली वाट अडीचशे मीटरांहून लांब. १९९१मध्ये इथल्या धर्मोपदेशक लॉरेन आर्ट्रेस शार्त्रला गेल्या, तेव्हा ती खुर्च्यांखाली झाकलेली होती. सोबत्यांसह त्यांनी खुर्च्या बाजूला केल्या आणि त्या वाटेवर चालल्या.

मीही चालू लागले. दोन-तीन वळणांतच मध्य हाताशी आला. पोचलेच, असं वाटलं, तोवर वाट फिरली. मग कधी जवळ, कधी दूर, आणि शेवटी तर थेट बाहेरच्या कडेला. एवढं चालणं फुकट गेलं असं वाटायची ती जागा, आणि तिथूनच मध्य सगळ्यात लवकर येतो! प्रदक्षिणेत देव कायम तेवढ्याच अंतरावर असतो, म्हणून पाय निश्चिंत असतात. इथे अंतर सारखं बदलतं आणि डोळे घाबरतात. नोकरीत, संसारात मी डोळ्यांनी दिसणारं अंतरच मोजत आले. लेकीचं एक वर्ष वाया गेलं तेव्हा तर घरात सुतक असल्यासारखी वागले. ती किती लांब फेकली गेली एवढंच मला दिसत होतं. ती चालते आहे, हे दिसलं नाही.

अशा वाटेला आपल्याकडे शब्द शोधू गेलं तर चक्रव्यूह आठवतो, आणि त्यासोबत अडकण्याची भीती. हळेबीडच्या होयसळेश्वर मंदिरावर, बाराव्या शतकातल्या शिल्पांत, चक्रव्यूह कोरलेला आहे. त्या शिल्पकाराने तो एकाच वळत्या वाटेचा दाखवला आहे. अभिमन्यूला आत शिरणं ठाऊक होतं, बाहेर पडणं नव्हतं, हे आपण लहानपणापासून ऐकतो. पण त्याच्यामागून येणाऱ्या पांडवांना जयद्रथाने अडवलं, आणि आत एकट्या पोराला सहा महारथींनी घेरलं. बाहेर पडायची विद्या त्याला नव्हती हे खरंच, पण मारलं ते माणसांनी. आपण मात्र दोष वळणांना देत राहिलो. वळणाला इतकं भिणारी मी, ती बहुधा याच गोष्टीवर वाढले.

परत फिरले तेव्हा समोरून काठी टेकत एक आजी येत होत्या. वाट अरुंद. मी बाजूला झाले, त्यांनी मान लववली. थोड्या वेळाने पाहिलं, तर शेजारच्याच फेऱ्यात त्या माझ्या बरोबरीने चालत होत्या, माझ्याच दिशेने तोंड करून. त्या आत निघाल्या होत्या, मी बाहेर.