चौदा पिशव्या

माजिवड्याला थंडी पडते ती नावापुरती. घोडबंदरच्या बाजूनं वारा सुटला की दोन-चार रात्री पंखा बंद ठेवायचा, संपली थंडी. पण काकूंच्या गुडघ्यांना एवढंही पुरायचं. वय सदुसष्ट, अठरा वर्षांची साखर, आणि तळपाय असे बधिर की पायातली चप्पल कधी निसटली तेही कळत नसे.

नाक्यावरच्या पुलाखाली, सर्व्हिस रोडला लागून एक इलेक्ट्रिकचं दुकान. शेठची आणि काकूंची ओळख पुलाच्याही आधीची. तिथं त्यांनी शेकायची पिशवी पाहिली. जांभळी, मखमली, वायर लावायची, आतलं पाणी दहा मिनिटांत तापतं.

"झोपताना पायाशी घेतली तर चालेल का हो?"

"काकू, आपोआप बंद होते. तुम्ही झोपलात तरी ती जागी असते."

बिलासकट चारशे सत्तर, बिलाशिवाय चारशे. काकूंनी सत्तर रुपये वाचवले. नातीनं मोबाईलवरून पैसे दिले आणि दोघी घरी आल्या.

तिसऱ्या रात्री काकू पिशवीची वायर न काढताच झोपल्या. जाग आली ती जळक्या रबराच्या वासानं. पिशवीची शिवण सुटली होती, गादी भिजली होती आणि डावी टाच पांढरी पडून फुगली होती. दुखत मात्र काहीच नव्हतं. मधुमेहात हीच गोम. त्वचेला चटका कळत नाही म्हणून पाय मागं घेतला जात नाही. चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंशाची ऊबसुद्धा काही तास एकाच जागी राहिली तर कातडी भाजते, मग इथं तर ती वाढतच गेलेली. ओल्या गादीतून विजेचा धक्का बसला नाही, हे नशीब.

काकूंनी टाचेला टूथपेस्ट लावली. सकाळी डोंबिवलीहून लेकीचा फोन आला तेव्हा सांगितलं, "चहा सांडला गं." सदुसष्टाव्या वर्षी बाई पिशवी चालू ठेवून झोपते, हे कोणत्या तोंडानं सांगायचं?

दोन दिवसांनी डॉक्टरांनी पेस्ट धुऊन काढली. आधी ते रागावले: भाजल्यावर नळाचं वाहतं पाणी वीस मिनिटं, बाकी काही लावायचं नाही. मग विचारलं, "कशानं भाजलं?" डॉक्टरांपुढं काकूंना चहा आठवला नाही. जे झालं ते सांगितलं आणि ते तसंच केस पेपरवर उतरलं: पिशवी प्लगला, रुग्ण झोपलेली. जखम भरायला तीन महिने लागले. साखरेच्या माणसाची टाच, घाईनं भरत नाही.

पिशवी कचऱ्यात जायची, पण डोंबिवलीची लेक आली होती. तिनं ती खोक्यासकट प्लास्टिकच्या पिशवीत बांधून गॅलरीतल्या खिळ्याला टांगली. शेजारचे भाऊ कोर्टात कारकुनी करून निवृत्त झालेले. त्यांनी खोकं उलटसुलट पाहिलं. एका बाजूला इंग्रजीत 'ऑटो कट', आत चिनी भाषेतला कागद. कोणी बनवली, कोणी आयात केली, कुठल्या महिन्यात, काही नाही. आपल्याकडं 2011च्या वेष्टनाच्या नियमांप्रमाणं हे सगळं खोक्यावर छापलेलं असायला हवं. ब्रिटनमध्ये साध्या रबरी पिशवीवरसुद्धा एक छोटं फूल उमटवलेलं असतं. मधे वर्ष, पाकळ्यांमध्ये महिना. पिशवी किती म्हातारी झाली ते विकत घेणाऱ्याला कळावं म्हणून. या जांभळ्या पिशवीला ना जन्मतारीख, ना आईबाप.

भाऊंनी ग्राहक आयोगात जायचं ठरवलं, म्हणजे काकूंच्या वतीनं ठरवलं. दावा ठाण्यातच करता येतो, कारण 2019च्या कायद्यानं तक्रारदार राहतो तिथं तक्रार करण्याची सोय केली. दोन वर्षांची मुदत. वस्तूची किंमत पाच लाखांच्या आत म्हणून फी शून्य. वकील नसला तरी चालतो. बिल नव्हतं, पण नातीच्या मोबाईलमध्ये दुकानाचं नाव, तारीख आणि चारशे रुपये होते.

"फक्त एक करा," भाऊ म्हणाले. "तुम्ही जाग्या होता म्हणा. वायर काढली होती, मांडीवर घेतली आणि फुटली. झोपलात म्हटलं की ते म्हणतील, चूक तुमचीच."

"पण झोपले होते."

"काकू, कोर्ट आहे ते. कीर्तन नाही."

काकू दोन दिवस गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "भाऊ, मी जागीच राहणार असते तर पिशवी आपोआप बंद होणारी कशाला घेतली असती? साधी घेतली असती. जो विसरतो त्याच्यासाठीच ना ते?"

भाऊंनी चष्मा काढून पुसला. आयुष्यभर कोर्टाचे कागद शिवलेला माणूस, पण ही गोष्ट त्यांना कोणी अशी सांगितली नव्हती. आणि कायदासुद्धा हेच म्हणतो, जरा जड शब्दांत. 20 जुलै 2020पासून लागू झालेल्या या कायद्यात उत्पादन दायित्वाचं वेगळं प्रकरण आहे. जुन्या 1986च्या कायद्यात ते नव्हतं. बनवणाऱ्यानं वस्तूबद्दल स्पष्ट हमी दिली आणि ती खोटी ठरली, तर मी निष्काळजी नव्हतो, फसवायचा हेतू नव्हता, असं सिद्ध करूनही तो सुटत नाही. बनवणारा कोण तेच कळत नसेल, किंवा विकणाऱ्यानं स्वतःच्या तोंडची हमी दिली असेल, तर गळ्यात येते विकणाऱ्याच्या.

म्हणजे शेठच्या.

काकूंना हे कळलं तेव्हा त्या पहिल्यांदा रडल्या. भाजल्यावर रडल्या नव्हत्या.

नोटीस जाताच शेठ घरी आले. पाच हजार रुपये आणि तशीच नवी पिशवी घेऊन. "काकू, हे घ्या आणि मिटवा. घरातली गोष्ट घरात." काकूंनी पिशवीकडं पाहिलं. तीच मखमल, रंग फक्त निळा.

"अशा किती आणल्या होत्या?"

"दीड डझन. मुंबईच्या घाऊक बाजारातून."

"उरल्या किती?"

"तीन."

काकूंनी मनातल्या मनात हिशेब केला. पंधरा विकल्या, त्यातली एक त्यांची. "बाकीच्या चौदा कोणाकडं आहेत, शेठ?"

शेठना सांगता येईना. बिलं नव्हती ना.

काकूंनी पैसे परत केले. शेठ वकिलाकडं गेले आणि वकिलानं नेहमीचं उत्तर लिहिलं. अशी हमी दुकानदारानं कधीच दिली नाही. वापर चुकीचा. पुरावा म्हणून केस पेपर जोडला, त्यातल्या 'झोपलेली' या शब्दाखाली रेघ मारून. पण तारखेला तक्रारच पुढं आली आणि तिच्यातल्या दुसऱ्याच परिच्छेदात काकूंनी लिहिलं होतं: पिशवी मी प्लगला ठेवली आणि मी झोपले. सत्तर रुपये वाचवायला बिल मीच घेतलं नाही. रेघेचा मग काही उपयोग राहिला नाही.

पिशवी तपासायला प्रयोगशाळेत गेली. तापल्यावर प्रवाह तोडणारे आतले दोन इवले संपर्क एकमेकांना वितळून चिकटले होते. ती जागी नव्हतीच. तपासणी लागली तर प्रकरण पाच महिन्यांत निकाली काढायचा प्रयत्न करावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात वर्ष उलटलं. आयोगाच्या पायऱ्या जे चढले आहेत त्यांना याचं नवल वाटणार नाही.

मग मध्यस्थीची बैठक झाली. टेबलाच्या एका बाजूला काकू आणि भाऊ, समोर शेठ आणि त्यांचा वकील. वकील बोलायला लागला, "माझ्या पक्षकारानं कोणतीही हमी..."

"मी म्हणालो होतो," शेठ म्हणाले.

वकिलानं त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. शेठनी तो बाजूला केला. "झोपलात तरी ती जागी असते, असं म्हणालो होतो. यांनी आपलं लिहून दिलंय, मग मी काय लपवू?"

औषधपाण्याचा खर्च आणि वर काही रक्कम, असं ठरलं. काकूंनी एक अट घातली. ती कागदावर कशी लिहावी याचा मध्यस्थांना जरा विचार करावा लागला. उरलेल्या चौदा पिशव्या शोधायच्या.

बिलं नसताना चौदा घरं शोधणं म्हणजे काय, ते शेठना त्या महिन्यात कळलं. मोबाईलच्या हिशेबात चारशे रुपयांच्या नोंदी काढल्या, त्यातली सहा माणसं सापडली. मग काकूंनी वळणदार अक्षरात कागद लिहिला आणि तो शटरवर चिकटवला. बाळकुम, कोलशेत, कापूरबावडीच्या इमारतींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याचा फोटो फिरला. लोक पिशव्या आणू लागले. एकीनं पिशवी द्यायला साफ नकार दिला, "माझी मस्त चालते, वहिनींच्या डोहाळजेवणात भेट आलीय." तिला काकू स्वतः भेटायला गेल्या. चहा घेतला, मोजा उतरवून टाच दाखवली. पिशवी घेऊनच परतल्या.

शेठ आता दहा रुपयांच्या सेललाही बिल देतात. गिऱ्हाइकं वैतागतात. "बिल कशाला, दोन रुपये कमी करा की." शेठ नाव आणि नंबर विचारतात, आणि लोकांना वाटतं म्हातारा चौकश्या करतो.

पुन्हा डिसेंबर आला. काकू संध्याकाळी भाजी घेऊन दुकानासमोर थांबल्या. पुलापलीकडच्या टॉवरांत दिवे लागत होते. एकेका खिडकीत एकेक दिवा, मोजता न येणारे. वारा सुटला होता.

"अजून किती, शेठ?"

शेठनी बिलबुकातून मान वर केली आणि हाताची पाचही बोटं दाखवली.