सुट्टीतली कमाई

दहावीची परीक्षा संपली, की सुरतच्या लिंबायत, उधना भागातल्या कितीतरी मराठी घरांत विषय निघतो: पोराला सुट्टीत कुठे लावायचं? धुळे, नंदुरबार, जळगावकडून पोटासाठी आलेली ही कुटुंबं. ओळखीचं कुणीतरी रिंग रोडच्या कापड मार्केटात असतंच. साड्यांच्या घड्या घालायच्या, पार्सलं बांधायची, गिऱ्हाइकाला माल दाखवायचा. मुली घरी बसून साड्यांवर टिकल्या चिकटवतात.

या कामात मला काहीच कमीपणा वाटत नाही. हिशेब, बोलणं, चार माणसांत वावरणं पोरं तिथेच शिकतात. 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था काढणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांनीही मुलांच्या हाताला काम दिलं, पण ते शिकता यावं म्हणून. भीती वाटते ती जूनची. शाळा उघडते आणि शेठ म्हणतो, अजून महिनाभर राहू दे. तोवर घरालाही त्या पैशांची सवय लागलेली असते.

कायद्यानं 14 वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवणं गुन्हा आहे. 14 ते 18 वयाच्या मुलांना धोक्याचं काम देता येत नाही. इतर कामही विश्रांती धरून दिवसाला 6 तासच, आणि संध्याकाळी 7 नंतर नाही. म्हणून आईबापांनी पहिल्याच दिवशी दुकानात जाऊन दोन गोष्टी ठरवाव्यात: पोरगं रोज किती वाजता सुटणार, आणि त्याचा शेवटचा दिवस कोणता.